कोलशेतमध्ये नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी सूचना

सदर सूचना कोलशेत-ढोकाळीच्या टॉवरांत नव्याने दाखल होणाऱ्या, साधारण तीन किलो वजनाच्या रहिवाशांसाठी आहेत. सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही.

पहिले काम श्वासाचे. आजवर आपल्या फुफ्फुसांत पाणी होते आणि प्राणवायू नाळेतून घरपोच येत होता. ती सेवा आता बंद. कळा सुरू होताच हे पाणी शोषले जाऊ लागते. उरलेले पहिल्या काही श्वासांत हटवायचे, म्हणून खणखणीत रडावे. ते ऐकून बाहेरची मंडळी पेढे मागवतील. तिकडे लक्ष देऊ नये, कारण त्याच वेळी हृदयाचे प्लंबिंग बदलायचे असते. वरच्या दोन कप्प्यांमधले दार दाब पालटताच काही मिनिटांत मिटते. फुफ्फुसांना वळसा घालणारी वाहिनी दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. हे सगळे सप्लाय क्षणभरही न तोडता. घोडबंदर पट्ट्यातल्या एकाही प्लंबरला हे जमलेले नाही, आणि आपल्याला टँकर मागवायची सोय नाही.

बाहेर एसी लावलेला असेल. आपल्याला कुडकुडता येत नाही. मानेजवळ आणि खांद्यांच्या मध्ये साठवलेली तपकिरी चरबी जाळावी, त्याहून बरे म्हणजे आईच्या उघड्या छातीवर पडून राहावे. पहिली आंघोळ निदान 24 तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीला हे सुनेने सांगू नये, नर्सने सांगावे.

पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक पुरतो. तरी ‘बाळ उपाशी आहे’ म्हणत मधाचे बोट पुढे येईल. तोंड घट्ट मिटावे. वर्षभर मध वर्ज्य. शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली, ती मधाच्या बाटल्या ठेवायला नव्हे. वजन सुरुवातीला थोडे घटते, दोनेक आठवड्यांत भरून येते. काट्याकडे बघून आत्याने उसासे टाकू नयेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळे पडण्याची मुभा आहे. पोटात लागणाऱ्या जादा तांबड्या पेशी आता मोडीत निघतात आणि यकृत कामावर नवे असते. पहिल्या 24 तासांतच पिवळे पडलात किंवा तळपाय पिवळे दिसले, तर डॉक्टरांकडे जावे. कोवळ्या उन्हावर विसंबू नये. तसेही समोरचा टॉवर ते आपल्या गॅलरीत येऊ देत नाही. डॉक्टरांनी निळ्या दिव्याखाली ठेवले, तर डोळ्यांवर पट्टी बांधून निवांत पडावे. डोळे कोणावर गेलेत, ही चर्चा तेवढा वेळ तहकूब राहते.