फडका ओरिजिनल आहे का?

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गुण कशाकशाचे कापतात, त्याचा कागद परवा आमच्या हाती आला. खरं तर तो दाजींच्या हाती आला होता, पण वाचून झाल्यावर दाजी झाडाखाली जाऊन बसले, म्हणून आम्हाला वाचावा लागला. चाकाच्या कमानीत चिखल : तीन गुण वजा. बॉनेटवर किडे : एक गुण वजा. गाडीखाली ऑइलचे थेंब : दोन गुण वजा. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत : 'इंजिनाच्या भागात मूळ नसलेली वस्तू (फडका, ओला)', चार गुण वजा.

चिखल, किडे आणि ऑइल यांबद्दल आमची तक्रार नाही. गाडी ठाण्याहून लोणावळ्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर आणली, हा गुन्हा दाजींनी प्रवेशाच्या टेबलावरच कबूल केला होता. 'म्हणजे चालवत?' असं तिथल्या मुलीने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा दाजी 'हो' म्हणाले. पण फडका?

ज्यांच्या घरात कधीकाळी फियाट होती त्यांना फडक्याची महती सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो. ऊन, घाट आणि दुसरा गिअर अशी तिन्ही माणसं एकत्र जमली की इंजिनाची धग पंपाला लागते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा पातळ पेट्रोल ओढायला शिकलेला, वाफ काही त्याला ओढता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि उभी राहते. उपाय एकच : बॉनेट उघडा, फडका भिजवा, पंपावर ठेवा आणि बाजूला उभं राहून दरी बघा. पंधरा-वीस मिनिटांत पंप निवतो, गाडी चालू. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी खंडाळ्याचा घाट असाच पाहिला. घाटातल्या धुक्यावर आणि धबधब्यांवर मराठीत जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं पंप निवेपर्यंतच्या वेळात सुचलं असावं, असा आमचा कयास आहे. हल्ली गाड्या थांबत नाहीत. हल्लीच्या निसर्गकवितेचं काय झालं आहे, ते आपण पाहतोच.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपातल्या पडद्याला ते सोसत नाही. पूर्वी ऊन आणि घाट एवढेच वैरी होते, आता एक टाकीतच बसलेला असतो. दाजी म्हणतात, गाडीचं सगळं आयुष्य निर्व्यसनी गेलं आणि उतारवयात तिला प्यायला लावली.

तर आमचा पंप तापला तो शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे. बोरघाटातून वाट कुठून काढावी हे इंग्रजांना या धनगराने दाखवलं म्हणतात, आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली असंही लोक सांगतात. रस्त्याने येणाऱ्याचे गुण कापण्याची पद्धत या घाटात जुनीच दिसते. ताई मागच्या सीटवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन बसली होती. त्यातली एक माणसांसाठी आणि तीन पंपासाठी. बॉनेट उघडलं, फडका भिजवला. देवळापाशी नाणं वाहायला एक ट्रकवाला थांबला होता. त्याने लांबूनच पंपावरचा फडका पाहिला, 'थंडा होने दो' एवढं म्हणाला आणि निघून गेला. त्याला एका नजरेत जे कळलं, ते पुढे परीक्षकांना पांढरे हातमोजे घालूनही कळायचं नव्हतं.

गाडी वळणावर होती. ती चार हात कडेला घ्यावी म्हणून दाजींनी थांबलेल्या मंडळींना हात केला. थांबलेल्यांची काही कमी नव्हती! जुनी गाडी बंद पडलेली दिसली की आपल्याकडे माणसं अशी थांबतात, जशी अपघात झाला तर थांबत नाहीत. एकाने विचारलं, 'काका, विकायची का?' दुसऱ्याने विचारलं, 'मायलेज किती देते?' बंद पडलेल्या गाडीला मायलेज विचारणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं, हे आम्हाला अजून सुचलेलं नाही. तिसरा म्हणाला, माझ्या आजोबांकडे सेम होती, आणि आजोबांची आठवण येऊन तो इतका हळवा झाला की डाव्या मडगार्डाला टेकून त्याने बायकोकडून फोटो काढून घेतला, मग बायकोचा काढला, मग दोघांचा आम्हाला काढायला लावला. आम्ही म्हटलं, 'जरा धक्का देता का?' तर 'हो हो, का नाही!' म्हणत त्याने मोबाइल उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची तीन बोटं डिकीला लावली. डाव्या हाताने तो स्वतःच्या धक्का देण्याचं चित्रीकरण करत होता. त्या चित्रफितीत दाजी दिसतात, ताई दिसते, बॉनेटमधला फडका दिसतो, खाली कुठलंसं गाणं वाजतं, आणि वर लिहिलं आहे की जुनं ते सोनं. अरे, सोनं आहे ना? मग ढकल की! दोन्ही हात लाव! वारशाबद्दलचं सगळं प्रेम एका अंगठ्यात येऊन राहिलं आहे या लोकांचं. शेवटी गाडी ढकलली ती चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याने आणि ताईने. पोऱ्याला त्या गाडीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मेळाव्याच्या हिरवळीवर पोचलो तेव्हा बाकीच्या गाड्या आल्या होत्या. 'आल्या होत्या' हे आपलं बोलायचं. त्या आणल्या होत्या. ट्रेलरवरून, वरून आच्छादन, खालून पट्टे, पुढे-मागे माणसं, एखाद्या घरंदाज नवरीला मेण्यातून आणावं तशा. कापड बाजूला झालं की आतून जी काय लखलखायची! इंजिनाकडे पाहावं तर तिथे कधी इंजिन लावलं गेलं असावं अशी शंकासुद्धा येऊ नये. पहिलं बक्षीस मिळालेली, लांबलचक नाकाची गाडी ट्रेलरवरून उतरवून सहा माणसांनी हिरवळीवर ढकलत आणली. सुरू का करत नाही, असं दाजींनी विचारलं. सांभाळायला ठेवलेला माणूस म्हणाला, 'साहेब, चालू केली की सायलेन्सर काळा होतो.' दुपारी तिलाच 'सर्वोत्तम चालू स्थितीतील गाडी' हाही करंडक मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. हात रिकामेच होते.

दाजींची बाजू कायद्यातही लंगडीच, हे त्यांना तिथल्याच एका जाणकाराने समजावलं. 2021 चा नियम आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे, मग नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. एकदा ती मिळाली की गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, दुरुस्तीसाठी आणि पेट्रोल भरण्यासाठी. नेहमीच्या वापरासाठी नाही. म्हणजे भाजी आणायला नाही, ताईला माहेरी सोडायला नाही. पेट्रोल भरायला जाता येईल, संपवायला जाता येणार नाही. दाजींची गाडी 1974 ची, पद्मिनी हे नाव मिळालं त्या पहिल्या वर्षातली, तेव्हा ती या मानाला नुकतीच पात्र झाली आहे. हिच्याच बहिणी मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावल्या. त्यांना वीस वर्षांची मुदत होती. शेवटची 2003 मध्ये नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. हिशेब सरळ आहे : विसाव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षं तेवढी गाडीने कुठे तोंड लपवून काढायची, ते ज्याचं त्याने पाहावं.

विलायतेत म्हणे वेगळं असतं. लंडन ते ब्रायटन अशी एक जुन्या गाड्यांची फेरी निघते, मूळ 1896 ची आठवण म्हणून. 1905 च्या आधीच्या गाड्या आणि वाट साधारण साठ मैलांची, तीही नोव्हेंबरच्या थंडीपावसात. तिथे पदक कशाचं मिळतं? वेळेत पोचल्याचं. चिखलासकट. वाटेत गाडीखाली झोपून काही आवळत बसलेल्या माणसाला बघायला लोक रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहतात. हे आम्ही दाजींना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी ब्रायटनला जायची तयारी केली असती, आणि मागच्या सीटवर बाटल्या घेऊन ताईला बसावं लागलं असतं.

आता फडका. परीक्षक वयाने लहान होते, वागायला सभ्य होते, आणि त्यांनी बॉनेटमध्ये बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, 'सर, हे काय आहे?'

'फडका.'

'ओरिजिनल आहे का?'

दाजींना आधी वाटलं थट्टा आहे. पण त्यांच्या हातात कागद होता, कागदावर रकाना होता, आणि रकान्याशी थट्टा करता येत नाही. 'म्हणजे, गाडीबरोबर आलेला आहे का?' असा त्यांनी खुलासा केला.

'गाडीबरोबर आमचे वडील आले होते,' दाजी म्हणाले, 'हा त्यांच्या धोतराचा आहे.'

इथे परीक्षकांची खरी पंचाईत झाली. धोतर वडिलांचं, वडील गाडीचे पहिले मालक, म्हणजे कापड गाडीच्या काळातलं ठरतं. त्यांनी दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं. दुसऱ्यांचं मत पडलं की काळ जुळतो, पण कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा फडका पंपावर नव्हता. दाजी म्हणाले, कारखाना कुर्ल्याला होता, कुर्ल्याला घाट नाही. तिसरे आले. त्यांनी विचारलं, फडका मूळचा मानला तरी तो मूळचा ओला होता का? पाणी कुठलं? त्यावर ताई म्हणाली, 'नळाचं, ठाण्याचं', आणि तेही कागदावर कुठेतरी लिहून घेतल्यासारखं आम्हाला दिसलं. मग किनार तपासली. धोतर मिलचं होतं, गिरणगावातलं. आणि आमच्या लक्षात आलं की या सगळ्या हिरवळीवर सगळ्यात दुर्मिळ वस्तू कुठली असेल तर ती दाजींच्या पंपावर ओली होऊन पडली आहे. कारण नाकाड्या गाडीचा सुटा भाग विलायतेहून अजून मागवता येतो, पैसे फेकले की येतो. पण 1982 च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे वाजायचे थांबले, त्यांचं धोतर कुठून मागवणार? तिथे आता टॉवर आहेत. त्या टॉवरच्या तळघरात, तिसऱ्या पातळीवर, आच्छादन घालून, एसीत, अशाच गाड्या उभ्या असतात, ज्या कधी सुरू करत नाहीत कारण सायलेन्सर काळा होतो. ज्यांनी धोतरं विणली त्यांची मुलं त्या गाड्या पुसायला आहेत. फडका घेऊन! तो फडका मायक्रोफायबरचा असतो, कोरडा असतो, आणि त्याचे गुण कोणी कापत नाही.

हे सगळं आम्ही तिसऱ्या परीक्षकांना जरा आवाज चढवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'सर, तुमची भावना समजते, पण फडका काढून ठेवला असता तर चार गुण वाचले असते.' दाजी म्हणाले, 'काढून ठेवला असता तर मी पोचलो नसतो.' परीक्षक म्हणाले, 'ट्रेलर होता ना, सर.' ते अगदी मनापासून बोलत होते.

बक्षीस समारंभात करंडकांचं टेबल रिकामं झाल्यावर दाजींचंही नाव पुकारलं. उत्तेजनार्थ. एक जाडसर पाकीट हातात आलं, फोटो निघाला. पाकिटात परतीच्या प्रवासासाठी ट्रेलरच्या भाड्यात निम्म्या सवलतीचं कूपन होतं. दाजींनी चष्मा लावून ते खालपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत छापलं होतं : घाटात लागू नाही.