दाखव बघू!

मनमाडच्या रेल्वे इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये पुलांचे पोलादी गर्डर तयार होतात, आणि जिथे गर्डर होतात तिथे एक मास्तर असतातच. हुद्द्याने नव्हे, स्वभावाने. ट्रेनिंगहून माणूस परतला, की साहेबांच्या आधी त्याला मास्तर गाठतात.

नवी बॅग, फाइल आणि ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेतली जागा, एवढा ऐवज घेऊन गडी पंचवटी एक्सप्रेसमधून उतरतो. "जेवण एक नंबर होतं," असं सांगत खात्यातून फिरतो. मास्तर ऐकून घेतात. "बरं झालं. आता दाखव बघू."

मनमाडात नळाचा कधी भरवसा नसायचा. आलेलं पाणी पिंपात भरायचं आणि वर झाकण ठेवायचं, ही घराघरातली सवय. ट्रेनिंगचंही लोक तेच करतात. मास्तरांचा राग त्या झाकणावर.

वेल्डमधली चीर शोधायची डाय पेनिट्रंट टेस्ट शिकून आलेल्याला तर ते चहासुद्धा पिऊ देत नाहीत. तो लाल रंग फवारतो आणि लगेच फडकं उचलतो.

"थांब! मुरायला किती वेळ द्यायचा?"

गडी फाइल आणायला वळतो.

"फाइल राहू दे. डब्यावर वाच."

मग दोघं त्या वेल्डकडे टक लावून उभे. रंग पुसला जातो, पांढरा डेव्हलपर बसतो आणि कडेला केसाएवढी लाल रेघ उमटते. गड्याचे डोळे विस्फारतात. "उद्या त्या दोन पोरांना तू शिकवायचं," म्हणत मास्तर पुढच्या सावजाकडे.

अमेरिकेत कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या पायऱ्या मांडल्या : आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, कामाचं भलं झालं का. आपला फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवरच बसकण मारतो. मास्तर तिसरीवर दबा धरून असतात. चौथीचं साहेबांनी बघावं, म्हणतात.

साहेबांचीही सुटका नाही. पुण्याच्या इरिसेन या रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेतून पुलांचा कोर्स करून एखादे तरुण इंजिनिअर आले, की मास्तर हात जोडून पुढे. "साहेब, सैल रिव्हेट कसा ओळखायचा, आम्हालाही कळू द्या." साहेब स्लाइड आठवू लागतात, तोवर हातात छोटी हातोडी आलेली असते. एका बाजूने ठोका, दुसऱ्या बाजूला बोट. रिव्हेट सैल असेल तर बोटाला थरथर लागते. साहेब पहिला ठोका हमखास स्वतःच्या बोटावर घालतात.

पुढच्या कोर्सहून ते परस्पर रजेवर जातात. रजेचा अर्ज लिहिणारा क्लार्क मास्तरांचाच भाचा, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.