खटखटे

खरं आडनाव सांगत नाही. घरात त्याच्या लग्नाचं बघणं चालू आहे आणि पुढचा मजकूर मुलीकडच्यांच्या हाती पडू नये, अशी त्याच्या आईची विनंती आहे. आपण त्याला खटखटे म्हणू. तसा तो एकटा थोडाच आहे! कोथरूडात आहे, ठाण्यात आहे, नाशकात गंगापूर रोडला आहे. रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावरून एक खट्, मग बराच वेळ शांतता आणि पुन्हा तेच खट् ऐकू आलं, की समजावं, आपल्याही सोसायटीत आहे.

वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी हिंजवडीला, म्हणजे दिवसभर कीबोर्ड बडवायचा. घरी आल्यावर हा माणूस त्या वस्तूचं तोंड बघणार नाही, असं आपल्याला वाटतं. खटखटे घरी येऊन कीबोर्ड बनवतो. विकायला नाही. वापरायलाही नाही, कारण वापरण्याइतका पूर्ण झाला की त्याला त्यातले दोष दिसायला लागतात. शनिवारी सकाळी तो "बुधवार पेठेत चाललोय" असं जिन्यातून ओरडून सांगतो आणि मागोमाग त्याची आई दुप्पट आवाजात "तापकीर गल्लीत!" असं म्हणते. तिथून डायोड, वायर आणि सोल्डर येतं. बाकीचं चीनमधून येतं, किंवा येत नाही. कारण या पंथात एकेक वस्तू पन्नास-शंभर जणांनी मिळून आगाऊ पैसे भरून मागवायची असते आणि मग वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. "म्हणजे भिशीच की," नाना म्हणाले. "फक्त नंबर कुणाचाच लागत नाही."

नाना म्हणजे त्याचे वडील. जिल्हा परिषदेतून निवृत्त. सरकारी टायपिंगच्या परीक्षेत मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, दोन्ही पहिल्या झटक्यात पास. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि नानांची सगळी नोकरी तसल्याच एका यंत्रावर झाली. मुलगा प्रत्येक स्विच उघडून आतल्या स्प्रिंगला बारीक ब्रशने ग्रीस लावतो, बोर्डाच्या पाठीला मास्किंग टेप चिकटवतो आणि कान लावून विचारतो, "नाना, आता थॉक येतोय ना? आधी नुसता टक् येत होता." नाना पेपरातून डोकं वर काढत नाहीत. "आमच्या कचेरीत हा आवाज फुकट होता. वर पगार मिळायचा."

स्विचच्या रंगांवरून तो माणसं ओळखतो. निळा दाबला की टिकटिक वाजतो, तपकिरी मध्येच किंचित अडतो, लाल बिनबोभाट तळाला जातो. जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केलेली ही रंगांची रीत आता चिनी कारखानेही पाळतात. एका मुलीला बघायला गेला, तेव्हा दोघांना बोलायला म्हणून गॅलरीत सोडलं. याने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला काय आवडतं, निळा की तपकिरी?" तिला वाटलं, शालूचं विचारतोय. "मोरपंखी," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस हा मोरपंखी स्विच कोण बनवतं ते शोधत होता. मुलीकडून नकार आला, तो त्याने सहज घेतला. तसा स्विच निघत नाही, याचं मात्र मनाला लागलं.

घरात दोन मांजरं आहेत. बोक्याचं नाव त्याने 'एस्केप' ठेवलं होतं. आईच्या तोंडी त्याचं 'इस्काप्या' झालं आणि आता बोका त्याच नावाला ओ देतो. भाटी आधीपासूनचीच, ठकी. कीबोर्डच्या शास्त्रात मांजराला स्थान आहे हे मला खटखट्यामुळे कळलं. प्रत्येक बटणामागे एकेक डायोड लावावा लागतो. नाहीतर एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, की चौथं न दाबताच दाबल्यासारखं होतं. याला ते लोक भुताटकी म्हणतात. सगळे चौकोन एकदम तपासायला माणसाला बोटं पुरत नाहीत. इस्काप्या मात्र नुसता पसरला की वीसेक सहज दाबतो, आणि एखादा डायोड उलटा बसला असेल तर तिथल्या तिथे उघड होतं. नवा बोर्ड पास की नापास हे बोका ठरवतो. त्याचा निकाल नानांच्या परीक्षेपेक्षा लवकर लागतो.

वाचनाबद्दल त्याच्यावर अन्याय नको. अप्पा बळवंत चौकातून तो पुस्तकं आणतो, दिवाळी अंक घेतो आणि मार्चपर्यंत वाचूनही काढतो. अडचण एवढीच, की नवा कीबोर्ड तपासायला काहीतरी टाइप करावं लागतं आणि त्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं. मग समोरचं पुस्तक उघडून तो पहिलं पान टाइप करतो. दुसऱ्या पानाच्या आत एखादं बटण खुपायला लागतं आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. त्यामुळे मराठीतल्या बऱ्याच कादंबऱ्यांची पहिली पानं त्याला तोंडपाठ आहेत. साहित्यावरच्या गप्पांत एवढं पुरतं; मी पुष्कळ समीक्षक याहून कमी भांडवलावर चाललेले पाहिलेत.

खरी गंमत पुढे आहे. या घरात सगळं वाढत जातं, पुस्तकं वाढतात, खोकी वाढतात, ठकीला दर पावसाळ्यात पिल्लं होतात. कमी होतात ती फक्त बटणं. सुरुवात १०४ बटणांपासून झाली. आकड्यांचा उजवीकडचा चौकोन गेला, बाणांची बटणं गेली, असं करत करत ६१ उरली. मग बोर्डाचे दोन तुकडे झाले, दोन हातांना दोन, मध्ये एका मांजराएवढी जागा, आणि ती मांजराने लगेच घेतली. आता आहेत ३४. "काका, बोट जागचं हललं नाही पाहिजे," तो मला समजावतो. उरलेली अक्षरं पोटमाळ्यावर असतात. अंगठ्याने एक बटण दाबून धरलं, की खालच्या बटणाचं वरचं अक्षर उमटतं.

इंग्रजीचं यात भागतं. मराठीचं कसं भागावं? सरकारमान्य इनस्क्रिप्ट पद्धतीत ट, ठ, ड, ढ ही मंडळी इंग्रजी अक्षरांच्या उजवीकडच्या बटणांवर राहतात, म्हणजे नेमकी खटखट्याने बिनकामाची म्हणून छाटली त्याच पट्टीत. आता आली पंचाईत, कारण ट नसेल तर याला स्वतःची सहीसुद्धा करता येईना. शेवटी त्याने ट ला ब च्या डोक्यावर पोटमाळा बांधून दिला. डावा अंगठा दाबून ब मारला की ट.

आणि याच सुमारास सोसायटीच्या कमिटीने त्याला चिटणीस केलं. कॉम्प्युटरमधलं कळतं, हे एकच कारण. पहिली नोटीस त्याने रात्री टाइप केली तेव्हा डाव्या तुकड्याच्या कडेवर इस्काप्या मान टाकून झोपला होता आणि अंगठ्याचं बटण त्याच्या हनुवटीखाली होतं. झोपल्या मांजराला उठवणं खटखट्याच्या स्वभावात नाही. त्याने हनुवटीच्या कडेकडेने अंगठा सरकवत काम उरकलं. सकाळी लिफ्टमध्ये नोटीस लागली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवारी सकाळी ८ ते १२ या वेळेत पाण्याची बाकी साफ करण्यात येईल. कोणतीही सबब चालणार नाही. – खबखबे."

पाणीपट्टी थकवलेली मंडळी आमच्याकडे नेहमीचीच आहेत. त्यांतल्या एकाला खजिनदार गेली दोन वर्षं जिन्यात गाठून थकले होते. तो रविवारी आठच्या ठोक्याला चेकबुक घेऊन खाली उभा. त्याच्यामागे आणखी तिघं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी रोख आणली आणि हे खबखबे कोण, नवीन वकील का, असं हळूच विचारून घेतलं. टाकी धुणारी माणसं दहा वाजता आली तेव्हा पाणी भरून ठेवलेलं कुणाच्याच घरी नव्हतं, पण तक्रार करायचं धाडस एकालाही झालं नाही.

नानांनी नोटीस वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "चाळीसच्या स्पीडने सुद्धा मी असली चूक केली नसती," ते म्हणाले. खटखट्याला फार लागलं. त्याच रात्री तो कीबोर्ड पुढ्यात घेऊन बसला. बटणं वाढवायचा प्रश्नच नव्हता. पोटमाळा दुसऱ्या अक्षरावर हलवायचा, एवढंच.

तेवढ्यात दारात खजिनदार. हातात पावतीपुस्तक, चेहरा उजळलेला. "अरे, एक विनंती होती," ते म्हणाले. "मेंटेनन्सवाले अजून राहिलेत. मार्चअखेरपर्यंत तो ट हलवू नकोस."