शादलू आणि दोनशे रुपये पीटी

चाकणचा तळेगाव चौक ओलांडायला कंपनीच्या बसला लागतो तेवढ्या वेळात कबड्डीचा अख्खा सामना उरकतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधली विश्रांती, शिवाय दोन्ही संघांचे टाइमआउट. निगडीहून स्पाइन रोडने मोशीला येऊन नाशिक हायवेला लागणारी आमची फर्स्ट शिफ्टची बस म्हणूनच कबड्डीचं विद्यापीठ झाली आहे. मात्र या विद्यापीठात खेळ शिकवत नाहीत. पकड कशी करावी, बोनस कसा काढावा, हे विषय प्रत्यक्ष हंगामात येतात आणि दोन दिवसांत संपतात. खरं सत्र सुरू होतं ते खेळाडूंच्या लिलावानंतर. कबड्डीत प्रत्येकाला गती असेलच असं नाही. पण पगार, नोटीस पिरियड आणि हातात नेमके किती पडतात, या तीन विषयांत चाकणला जाणारा प्रत्येक माणूस डॉक्टरेट आहे.

हॉकीवर असं भांडता येत नाही. नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं झकास मैदान आहे, धनराज पिल्ले तर इथून हाकेच्या अंतरावर, खडकीत वाढले. पण 2024च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंग 78 लाखांना गेला, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आपला संघच नाही, तर शिव्या घालायच्या कुणाला? कबड्डीत आपली पुणेरी पलटण ही सोय वर्षभर पुरवते.

वादाचा मूळ मुद्दा म्हणजे इराणचा मोहम्मदरेझा शादलू. ऑक्टोबर 2023च्या लिलावात पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. संघाची सगळी पर्स पाच कोटींची. आमचे स्टोअरवाले काका त्या दिवशी पार खवळले. "निम्मं बजेट एका मशीनवर? स्पेअरला काय ठेवलं?" 1 मार्च 2024ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद आणलं, तेव्हा काकांनीच जाहीर केलं, "मी म्हणत नव्हतो? इम्पोर्टेड ते इम्पोर्टेड!"

पुढच्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडलं. ऑगस्ट 2024मध्ये तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला, आणि 29 डिसेंबरला हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला. कुठे? तर आपल्याच बालेवाडीत! त्यानंतरचा आठवडाभर बसमध्ये कुणी खिडकीच्या जागेसाठीसुद्धा भांडलं नाही.

"पण गेला का?" मेंटेनन्सच्या दादाचा प्रश्न. यावर अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा पुसला. साहेब चष्मा पुसू लागले की बसने ओळखावं, आता कलमं येणार.

"हरियाणात पीटी नाही," साहेब म्हणाले.

पीटी म्हणजे पगारपत्रकातला प्रोफेशन टॅक्स. आपल्याकडे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश इथे तो नाहीच. साहेबांनी पुढे असंही सांगितलं, की 2500च्या वर जायला राज्यघटनेचीच बंदी आहे. शादलू असो नाहीतर आपला ट्रेनी, कापले जाणार तेवढेच.

दादाने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अठ्ठावीस लाख कमी घेतले आणि अडीच हजार वाचवले? हे आपल्याच एचआरचं डोकं दिसतंय!"

साहेब बधले नाहीत. अमेरिकेत यावर दंगे होतात म्हणाले. तिथल्या बर्फावरच्या हॉकीत फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांचे संघ खेळाडूंना खेचतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. फ्लोरिडा पँथर्सने 2024 आणि 2025 असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप नेला. टोरांटोचा मिच मार्नर 2025च्या उन्हाळ्यात लास वेगासला गेला, तेव्हा टोरांटोकरांनी खेळापेक्षा कराचीच जास्त चर्चा केली. आपल्याकडे आयकर दिल्लीचा, सगळ्या राज्यांत सारखा. उरतो तो पीटी. अमेरिकेतला माणूस लाखो डॉलरवर भांडतो, आपण दोनशे रुपयांवर. पण भांडणाची खुमारी रकमेवर थोडीच असते!

"खरी मेख पुढेच आहे," साहेब म्हणाले. आयकर कायद्यात परदेशी खेळाडूंसाठी वेगळं कलम आहे. परदेशी, अनिवासी खेळाडूने इथे खेळून कमावलं, तर सरळ 20 टक्के कर आणि वर अधिभार. आपला कर्णधार अस्लम इनामदार मात्र नगर जिल्ह्यातला. त्याला तीस टक्क्यांचा स्लॅब.

"मग अस्लमला इराणला पाठवा आणि तिथून इम्पोर्ट करा," काका म्हणाले.

"कस्टम ड्यूटी लागेल," मागून परचेसचा आवाज आला.

2025च्या लिलावात शादलू पुन्हा विकला गेला. 2 कोटी 23 लाख, गुजरात जायंट्स. गुजरात हे नाव ऐकताच बसमध्ये सुतक पडलं. या पट्ट्यात तो शब्द जपून वापरतात. इथून जवळच, तळेगावला होणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प 2022मध्ये गुजरातला गेला. पुढे ती भागीदारीच मोडली, हा भाग वेगळा. "कारखाने नेले, आता कॉर्नरचा गडीही नेला," दादा म्हणाला. तिथला पीटी वर्षाला 2400 आहे, शंभर रुपये सुटतात, असं मी सांगून पाहिलं. कुणाला दिलासा मिळाला नाही.

मग निष्ठेवर प्रवचनं झाली. पैशासाठी जर्सी बदलतात, मातीशी नातं नाही, वगैरे. बोलणाऱ्यांत तीन हजारांच्या वाढीसाठी महाळुंग्याहून रांजणगावला जाऊन परत आलेले होते, आणि शेजारच्या कंपनीचा वेतन करार झाला की आपल्या युनियनला नावं ठेवणारेही. माझ्या शेजारच्या पोराचा मोबाइल मला दिसत होता. वरच्या अर्ध्या पडद्यावर शादलूची पकड, खालच्या अर्ध्यात नोकरीचा अर्ज. 'अपेक्षित सीटीसी'च्या चौकटीत त्याने सहा लाख लिहिले. खोडून साडेपाच केले. तेवढ्यात मागून कुणीतरी "दोन कोटी तेवीस!" म्हणून ओरडलं आणि त्याने परत सहा केले. शेतकरी पावसाच्या बातमीकडे पाहतो, तसे आम्ही लिलावाकडे पाहतो. कुणाचा तरी भाव चढतो आहे, म्हणजे कदाचित आपलाही चढेल.

"एका जागी पाच वर्षं काढली असती तर ग्रॅच्युइटी तरी मिळाली असती," काका म्हणाले. लगेच चार मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडले. मासिक पगार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले पाच. 2 कोटी 35 लाखांवर आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. साहेबांनी पाणी ओतलं, "कमाल मर्यादा वीस लाख."

"वीस लाखांसाठी पाच वर्षं कोण थांबतं?" दादा हसला.

"मी थांबलोय की!" काका उसळले. "मला बोली लावायला आलं होतं का कुणी? आलं असतं ना, तर शादलूच्या आधी मी गेलो असतो गुजरातला. आणि वर्षाचे शंभर रुपये वाचवले असते, ते वेगळेच!"