पत्ता असलेला सर्व्हर

‘सर्व्हर डाऊन आहे’ असं खिडकीतून ऐकू आलं की आपण निमूटपणे घरी येतो. पेणचे तात्या येत नाहीत. ‘कुठे डाऊन आहे? दाखवा,’ म्हणतात. खिडकीतल्या बिचाऱ्या मुलीला तो मुंबईत आहे की हैदराबादला, हेही ठाऊक नसतं. तात्यांचा सर्व्हर बंद पडला, तर तो कारखान्याच्या माळ्यावर, डोळ्यांची आखणी राहिलेल्या गणपतींच्या रांगेमागे बंद पडलेला असतो. तिथे जाऊन त्याच्यावर ओरडता येतं.

ही जातच वेगळी. घरचं जनरेटर, घरची विहीर, घरची चक्की. त्यामुळे ‘वीज-पाणी विकत घेता, मग सर्व्हर का नाही?’ हा बिनतोड प्रश्न यांच्यापुढे चालत नाही.

प्लास्टरची धूळ मशीनच्या पंख्यात बसते. तात्या रंगाच्या कंप्रेसरने ती उडवतात. खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडू. मग दुसऱ्या दिवशी पंख्यातून पाकळ्या काढणं. आत एकाच मजकुराच्या दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी चालावी म्हणून. पण कारखान्यालाच आग लागली तर? म्हणून तिसरी डिस्क दर महिन्याला मिरगुंडांच्या पिशवीतून रोह्याला बहिणीकडे जाते. बहीण तिला दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरते. मोठ्या कंपन्या याच कामाचे भक्कम पैसे घेतात, आणि मिरगुंडं देत नाहीत.

बहिणीचे यजमान धाटाव एमआयडीसीत. त्यांचा विश्वास क्लाउडवर. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत डेटा सेंटर सुरू केली, तेव्हा ते मुद्दाम पेणला आले.

“तात्या, आता तर मुंबईतच आलं. तुमचं खरं काम चार महिन्यांचं. तेवढंच भाडं भरा, मशीन बारा महिने कशाला पोसता?”

“भावोजी, गणपती दहा दिवस येतो. म्हणून बाकीचे दिवस देव्हारा भाड्याने देता का?” आणि मग, “मुंबईत कुठे? पत्ता द्या. एकदा बघून येऊ.”

“पत्ता सांगत नाहीत ते. सुरक्षेसाठी.”

“ज्याचा पत्ता नाही, त्याला भाडं?”

भावोजींचा हिशेब बरोबर होता, असं माझं मत आहे. पण ते तात्यांसमोर मांडण्याची माझी छाती नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. खांब आडवे, वीज गुल. भावोजींचा क्लाउड मुंबईत सुखरूप होता. रोह्यात रेंज नव्हती. इकडे तात्यांनी जनरेटर लावलं आणि अख्खी आळी मोबाइल चार्ज करायला माळ्यावर लोटली. येणाऱ्या प्रत्येकाला तात्या ऐकवत होते, “जिल्हा बंद आहे, पण माझा सर्व्हर चालू!” चार्जरला जागा हवी म्हणून कुणीतरी पहिल्याच संध्याकाळी सर्व्हरची पिन काढली होती. यूपीएसने बराच वेळ बोंब मारली असणार, पण जनरेटरच्या धडधडीत ती कुणाला ऐकू येणार? तात्यांच्या लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी.