हातानंच तर शिवलीय ना?

प्रति,
स्टॉल क्रमांक ४७ समोर वीस मिनिटं उभ्या राहिलेल्या ताईंस,
मुक्काम बहुधा पुणे.



पत्रास कारण की, दिवाळीच्या तोंडावर पुण्यात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाहीत, पण देऊन मात्र बरंच काही गेलात. त्याची पोच द्यायची राहून गेली होती. गर्दीत नाव विचारता आलं नाही, म्हणून हे खुलं पत्र.

मी मेहकर तालुक्यातली, जिल्हा बुलढाणा. तुम्ही विचारलं होतंत, "बुलढाणा म्हणजे नक्की कुठं?" मी म्हटलं, जिजाऊंचं सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. तुम्ही मान हलवलीत. मी म्हटलं, लोणारचं सरोवर. तुम्ही शेजारणीकडे बघितलंत. मग मी शेगाव म्हटलं आणि तुमचा चेहरा उजळला. "अय्या, कचोरी!" फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगावात कचोरी तळायला घेतली आणि अख्ख्या जिल्ह्याची ओळख तिच्या पुरीत भरून ठेवली. त्या कचोरीवाल्याला कुणी म्हणत नाही, "हातानंच तर लाटलीय, दोन रुपये कमी करा." तिचं नाव झालं आणि नावाबरोबर भावही ठरून गेला. गोधडीचं तसं नाही. गोधडी म्हटलं की प्रत्येकाला आजी आठवते, आणि आजी पैसे घेत नसे.

तुम्हालाही आजी आठवलीच. गोधडी गालाला लावून तुम्ही डोळे मिटलेत, ओळखीच्या बाईकडून तसा फोटो काढून घेतलात, मग उलटी बाजू बघितलीत, टाके मोजलेत, धुवायची कशी ते विचारलंत आणि शेवटी भाव विचारलात. मी १,८०० म्हटलं. त्यावर तुम्ही जे बोललात ते आमच्या बचत गटातल्या बायकांना तोंडपाठ झालंय: "एवढे? हातानंच तर शिवलीय ना? मशिनचा, विजेचा, कशाचाच खर्च नाही!"

ताई, हा हिशेब आम्हाला इतकी वर्षं कुणी शिकवला नव्हता. मशिन चाललं तर खर्च, हात चालला तर फुकट. तुमचा मान राखून गावी परतल्यावर मी वही काढली आणि सगळा जमाखर्च मांडला. बारावीला माझा विषय अकाउंटच होता.

आधी गोधडी. डबल बेडची, हातशिलाईची. वरचं नवं सुती कापड ४८० रुपयांचं. आतले थर जुन्या लुगड्यांचे. ती गोळा करून, उकळून, धुऊन घ्यायची, त्याचे १३०. दोरा ९०. असा माल ७०० रुपयांचा. मग ओसरीवर ते थर अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, मोठाले कच्चे टाके घालून पकडायचे, आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्याकडे जायचं. ओळीत ओळ, बोटभर अंतर. मध्याकडे जाता जाता पाठ भरून येते आणि सुईच्या बोटाला घट्टा पडतो. रोजचे आठ तास बसलं तर सहा दिवस. तसं सलग बसायला मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात महिना जातो.

आता प्रदर्शन. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला असा: स्टॉलचं भाडं तीन दिवसांचं ५,५००. जादा टेबल आणि दिव्याचा पॉइंट, ७००. भाड्यात फक्त जागा होती, उजेड नव्हता. गटातल्या आम्हा दोघींचा जाण्यायेण्याचा प्रवास आणि सामानाचं भाडं २,३००. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा आम्हाला मोठा आधार. पण गठ्ठ्याचे पैसे पडलेच. गोधडी स्त्रीलिंगी असली तरी तिला महिला सन्मान योजना लागू नाही. राहणं आणि जेवण २,०००. पिशव्या आणि भावाच्या चिठ्ठ्या ५८०. एकूण ११,०८०.

विक्री झाली १४ गोधड्यांची. भाव १,८००, पण तुमच्यासारख्या सगळ्याच जणी रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. काहींनी घासाघीस करून का होईना, घेतली. सरासरी पडली १,६००. आले २२,४००. त्यातून मालाचे ९,८०० आणि प्रदर्शनाचे ११,०८० गेले. उरले १,५२०.

या १,५२० रुपयांमागे दिवस किती? शिवायचे ८४. पुण्याला आम्ही दोघी पाच-पाच दिवस, ते १०. एकूण ९४. भागाकार केला. रोज पडला १६ रुपये १७ पैसे. त्याच मांडवात चहा २० रुपयांना होता, ताई. मी दिवसभर शिवून तुमच्याबरोबर एक कप चहा घेऊ शकले नसते, तीन रुपये ८३ पैसे तुमच्याकडून उसने घ्यावे लागले असते. हाताला खर्च नाही हे तुमचं म्हणणं बघा किती खरं निघालं.

यात आयोजकांचं काही चुकलं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी आम्हाला व्यासपीठ दिलं. शिवाय कलेची सेवा केल्याचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दिलं, ते आम्ही भिंतीला लावलंय. उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तोवर दार बंद ठेवलं, त्यामुळे गोधड्यांना विश्रांती मिळाली. पाहुण्यांनी भाषणात आमच्या कष्टांना किंमत करता येणार नाही असं सांगितलं. ते मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं.

स्टॉल देताना त्यांनी जीएसटी नंबरही मागितला होता. आता, वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही. तरीही कुणीतरी माझ्याकडून ४० लाखांची अपेक्षा धरली याचं बरं वाटलं. मी तोही हिशेब केला. १,६०० च्या भावानं २,५०० गोधड्या विकाव्या लागतील. सहा दिवसाला एक, म्हणजे १५,००० दिवस. एकही सुट्टी न घेता शिवत बसले तर एका वर्षाची उलाढाल गाठायला मला ४१ वर्षं लागतील. नोंदणीची घाई नाही.

सगळीच प्रदर्शनं अशी नसतात, हेही सांगायला हवं. आमचा गट राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानातला. 'उमेद'चं महालक्ष्मी सरस मुंबईत वांद्र्याला भरतं, तिथं किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात बचत गटांच्या बायकांना भाड्याचा असा भार सहसा पडत नाही. पण तिथं नंबर लागायला हवा, आणि वर्षातले उरलेले दिवस कुठं विकायचं हा प्रश्न राहतोच. मग खासगी मांडव शोधावे लागतात. तिथं शेजारच्या स्टॉलवर व्यापाऱ्यानं यंत्रावरच्या रजयांचा ढीग लावलेला असतो, पाटी 'हँडमेड', भाव ९००. तुम्ही मला तीच रजई दाखवून म्हणालात, "ते बघा, तेही हातानंच करतात." खरंय. बटण हातानंच दाबावं लागतं.

सरकारचंही आमच्यावर लक्ष आहे. शिंपी, सोनार, टोपल्या विणणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळतं, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदतही. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या गटातल्या एका पोरीनं मात्र वही बघून विचारलं, "ताई, शिकताना ५०० आणि शिकून झाल्यावर १६? मग आपण शिकतच राहिलं तर?" मला उत्तर देता आलं नाही.

खरं सांगायचं तर, तुम्ही बोललात ते आमच्याच घरात मी आधी ऐकलं होतं. आमच्या गटात साठीच्या पुढच्या एक मावशी आहेत. टाका असा घालतात की उलट-सुलट ओळखू येऊ नये. मी भाव ठरवायला बसले की त्या म्हणायच्या, "कापडाचे धर, दोऱ्याचे धर. आपल्या हाताले कुठं पैसे पडते वो बाई?" आणि मी तसंच करायची. कापड, दोरा, वर थोडं काहीतरी. त्या 'थोडं काहीतरी'ला आम्ही नफा म्हणायचो. रिकाम्या वेळातलं काम, असंही म्हणायचो. निंदण झाल्यावर, कापूस वेचून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर आणि भांडी घासून झाल्यावर बाईला जो वेळ उरतो, त्याला आमच्याकडं रिकामा वेळ म्हणतात. तेव्हा ताई, तुमचा राग कसा येईल? तुम्ही आमचाच हिशेब आम्हाला वाचून दाखवलात.

मग दिवाळीनंतर खामगावला गेले. बहिणीच्या नातवाला वाळे घ्यायचे होते. खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदी घ्यायला लोक लांबून येतात. दुकानदारानं वाळे काट्यावर ठेवले, वजन सांगितलं, त्या दिवसाचा भाव सांगितला, गुणाकार केला. त्याखाली दुसरी ओळ लिहिली: घडणावळ. मग तिसरी, कराची, आणि बेरीज. माझ्या बहिणीनं भावावर तोंड वाकडं केलं, वजन दोनदा बघितलं, पण त्या दुसऱ्या ओळीवर फक्त एवढंच म्हणाली, "थोडी कमी नाही का होणार?" घडणावळ कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. हातानंच तर घडवलेत ना, असं दुकानात कुणीच म्हटलं नाही. घडवणारा तिथं समोर बसलेलाही नव्हता. तरी कागदावर त्याची ओळ होती.

मी त्या कागदाकडं बघतच राहिले. चांदीचा माल वेगळा, हाताचं काम वेगळं, आणि दोन्ही लिहून दाखवलेलं. शिंप्याची शिलाई असते, कुंभारापासून सुतारापर्यंत प्रत्येकाची मजुरी असते. गोधडीचीच ओळ कुणी काढली नव्हती. कारण ती शिवणारी घरचीच बाई.

घरी येऊन पुन्हा वही काढली. मजुरी किती धरावी यावर गटात वाद झाला. शेवटी मी रोजगार हमीचा दर काढला. ही हमी देशात सगळ्यात आधी आपल्याच महाराष्ट्रानं दिली. २०२५-२६ साठी आपल्या राज्यात तो दर रोज ३१२ रुपये होता. त्याहून जास्त मागायची आमची छाती झाली नाही. शिवणकाम माती उपसण्याइतकं तरी आहे, एवढंच गृहीत धरलं. सहा दिवसांचे झाले १,८७२. माल ७००. प्रदर्शनाचा खर्च १४ गोधड्यांवर वाटला, तो ७९१. बेरीज ३,३६३.

वरचे ३ रुपये तुमच्यासाठी सोडलेत. घासाघीस झाली असं समजा.

मला माहीत आहे, ३,३६० ऐकून तुमच्यासारख्या बऱ्याच जणी पुढच्या स्टॉलवर जातील. आम्ही त्याचीही तयारी केलीय. आता बाळाची दुपटी, उशीचे अभ्रे, मोबाइलच्या पिशव्या जास्त न्यायच्या. बारक्या मालावर स्टॉलचं भाडं काढायचं आणि मोठ्या गोधड्या दोन-चारच टांगायच्या, बघायला आणि ऑर्डर घ्यायला. कारण प्रदर्शनात मांडवापेक्षा नंतरचा फोन जास्त कमावून देतो. पुण्याहून परतल्यावर दीड महिन्यानं एकीचा फोन आला; आईची तीन लुगडी पाठवते, त्यांची गोधडी करून द्याल का? तिनं भाव विचारला. मी पहिल्यांदाच माल, प्रवास असं काही न बोलता सरळ म्हटलं, "माल तुमचाच. घडणावळ १,८७२ पडेल." ती म्हणाली, "बरं." मला वाटलं फोन कट झाला.

भावाच्या चिठ्ठ्या आम्ही नव्या केल्यात. त्यावर तीन ओळी: माल, प्रदर्शन, घडणावळ. परवा त्या दोऱ्यानं बांधताना मावशींनी एक हातात घेतली, लांब धरून बघितली. "याच्यातलं माहं कोनतं?" मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी आकडा वाचायला लावला. मग ती चिठ्ठी स्वतःच बांधली, आणि ओळ दिसेल अशी बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवली.

तेव्हा ताई, पुढच्या प्रदर्शनात अवश्य या. गोधडी गालाला लावा, आजी आठवा, फोटो काढा, घासाघीसही करा. फक्त पहिल्या दोन ओळींवर करा. तिसरी मावशींची आहे, आणि त्या शेजारीच बसलेल्या असतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
स्टॉल क्रमांक ४७ वाली

ता. क. : गोधडी धुवायची कशी हे तुम्ही विचारलं होतंत आणि उत्तर ऐकायच्या आत निघून गेलात. गार पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, सावलीत आडव्या दोरीवर दुहेरी टाकून वाळवायची. या सल्ल्याची घडणावळ धरलेली नाही.