वायफायचा आळ शेजाऱ्यावर कसा घ्यावा: नवशिक्यांसाठी स्वस्त हत्यारं आणि काही धडे

घरात नेट अडखळतंय. मुलीचा क्लास गोठतोय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नेमकं तुमचं तोंड उघडं असताना चित्र थांबतं आणि साहेब ते चित्र शांतपणे न्याहाळत बसतात. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे टीव्हीच्या मागे, सेटटॉप बॉक्सच्या बोकांडी बसवलेला राउटर उचलून घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवणं. याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, त्यामुळे कोणीही सुशिक्षित माणूस त्या वाटेला जात नाही. शिवाय तिथे वायर दिसते. दुसरा मार्ग शास्त्रीय आहे. हवेतल्या अदृश्य लहरींचा पंचनामा करायचा, आलेख काढायचे आणि दोष शेजाऱ्याच्या पदरात टाकायचा. पुढचे धडे या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आहेत.

1. आधी आरोपी निवडा, मोजमाप नंतर.

ज्यांच्या कुंड्यांचं पाणी तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं ते वरच्या मजल्यावरचे काका सर्वांत योग्य. तुम्हीच सर्वांत वर राहत असाल तर पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांना घ्या. जुनं वैर हाताशी असलं की डेसिबलला वजन येतं.

2. फोनला कामाला लावा.

वायफाय अ‍ॅनालायझर नावाची अ‍ॅप फुकट मिळतात. फोन अँड्रॉइड हवा. आयफोन अशा अ‍ॅपना आजूबाजूची नेटवर्कं मोजू देत नाही, आणि आयफोनवाल्यांना काहीतरी सोसायला हवंच. अँड्रॉइडही आवृत्ती 9 पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा हवा हुंगू देतो. ही आडकाठी पुढच्या आवृत्त्यांत डेव्हलपर मेनूतून काढता येते. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर 7 वेळा टिचकी मारा. तुम्ही आता डेव्हलपर झालात असं फोन स्वतःच जाहीर करतो. त्याचा स्क्रीनशॉट सासुरवाडीच्या ग्रुपवर टाका आणि पुढे चला.

पडद्यावर रंगीबेरंगी कमानी दिसू लागतील. प्रत्येक कमान म्हणजे एकेक शेजारी. ज्या नावांच्या शेवटी 5जी लिहिलंय त्यांना घाबरू नका. ते मोबाईलचं 5जी नव्हे, 5 गिगाहर्ट्झ आहे. त्या लहरींवर नेट वेगात धावतं, पण भिंत आडवी आली की त्यांचा जीव जातो. सोसायटीत मात्र हा फरक कोणालाही समजावू नका. "त्यांच्याकडे 5जीचा टॉवर आहे" हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

आकडे उणे असतात हे लक्षात ठेवा. उणे 40 म्हणजे उत्तम, उणे 80 म्हणजे अखेरची घरघर. दर 10 डेसिबलला ताकद दहापटीने घटते. म्हणजे हॉलमध्ये उणे 50 आणि बेडरूममध्ये उणे 70 आलं, तर मधल्या भिंतीने आणि लोखंडी कपाटाने मिळून तुमचे शंभरातले नव्व्याण्णव भाग गिळले. कपाट हलवण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच दाबा. कपाटात साड्या आहेत.

3. चॅनेलचं राजकारण शिका.

आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 13 चॅनेल वापरता येतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण दोन चॅनेलमध्ये अंतर 5 मेगाहर्ट्झचं आणि एकेका राउटरचा पसारा साधारण 20 मेगाहर्ट्झचा. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: 1, 6 आणि 11. चाळीस बिऱ्हाडं आणि तीन चॅनेल. सगळ्यांनी हे तीन पाळले तर त्यातल्या त्यात बरं चालतं, कारण एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. इतकी सभ्यता सोसायटीच्या लिफ्टमध्येही आढळत नाही.

हुशार माणूस इथे डोकं चालवतो. 1 वर गर्दी, 6 वर गर्दी, मग मधल्या 3 वर का जाऊ नये? जरूर जा. तिथे तुम्हाला दोन्हीकडची बोलणी नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतात, आणि तुमचा गोंगाट दोन्हीकडच्यांना. पाळी कोणाची हे कोणालाच कळत नाही. एका सेटिंगने दोन शेजारी एकदम जायबंदी करण्याची ही सोय बिनखर्चाची आहे. तुमचंही नेट बसेल, पण मोहिमेत थोडं सोसावंच लागतं.

4. पिंग मारा, पण बेतानं.

लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग ही आज्ञा दिली की समोरचं यंत्र किती मिलिसेकंदात ओ देतं ते कळतं. या आज्ञेत एक धोका आहे. तुम्ही आधी आपल्याच राउटरला पिंग केलंत आणि तो इमानदारीत दोन-तीन मिलिसेकंदात ओ देत राहिला, आणि मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला केलंत आणि उत्तरं अडखळत आली, तर घरातली हवा निर्दोष ठरते. गडबड कनेक्शनच्या वायरमध्ये आहे, काका सुटले. म्हणून राउटरला पिंग करूच नका. फक्त बाहेर करा. काळ्या पडद्यावर पळणारे पांढरे आकडे पाहुण्यांना दिसतील असे ठेवा.

5. मायक्रोवेव्हची झडती घ्या.

इथे खरा गुन्हेगार सापडण्याची शक्यता आहे, तेव्हा सावध राहा. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो, म्हणजे वायफायच्या अंगणातच. ओव्हनची ताकद हजार वॉटच्या आसपास, राउटरची वॉटच्या दहाव्या हिश्श्याएवढी. दारातून नियमात बसेल इतकी किंचित गळती झाली तरी राउटरचा आवाज तिच्यात बुडू शकतो. घरगुती ओव्हनचा लहरी सोडणारा मॅग्नेट्रॉन सहसा विजेच्या अर्ध्याच आवर्तनात चालतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर दर 20 मिलिसेकंदांपैकी निम्मा वेळ गोंगाट, निम्मा वेळ शांतता. त्यामुळे पोहे गरम होताना नेट पूर्ण जात नाही, आचके देतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला 1998 पासून अधूनमधून गूढ स्पंदनं मिळत होती. त्यांना पेरिटॉन असं पुराणातलं वाटावं असं नाव दिलं गेलं. 2015 मध्ये उलगडा झाला: कोणीतरी ओव्हन थांबायच्या आत त्याचं दार उघडत होतं. विद्वानांनाही भूक लागते. आपल्या नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनाही विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांशी झगडावं लागतं. वेल्समधल्या अबरहोसन या खेड्यात रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोसळायचं. दीड वर्षाने, 2020 मध्ये, तंत्रज्ञ यंत्र घेऊन पहाटे गावभर फिरले तेव्हा कळलं की एका घरात त्या वेळी जुना टीव्ही सुरू होतो. या गोष्टीतून तुम्ही एवढंच घ्या की शेजाऱ्यावर संशय घेण्याला आंतरराष्ट्रीय आधार आहे.

तुमच्याच स्वयंपाकघरातला ओव्हन सुरू असताना तुमचं नेट पडलं, तर चाचणी अवैध धरा. आणि लॅपटॉपला यूएसबी 3 ची बाहेरची हार्डडिस्क जोडली असेल तर तिकडे बघू नका. तिच्या वायरीतूनही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सुटतो. इंटेलने 2012 मध्येच तसं लिहून ठेवलं आहे. पण तिच्यात लग्नाचे फोटो आहेत.

6. आता खरेदी करा.

अ‍ॅपला फक्त वायफाय दिसतं. ओव्हन, वायरलेस माऊस, खेळण्यातली गाडी यातलं काहीच दिसत नाही. म्हणून हत्यारं हवीत.

माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली मोकळी जागा लावून घरभर फिरा. स्वस्तातल्या एलईडी बल्बजवळ, चार्जरजवळ तो गुरगुरेल. फार समाधान मिळतं. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लागते आणि वायफाय त्याच्या तीन हजार पट वर आहे, त्यामुळे या गुरगुरण्याचा तुमच्या नेटशी जवळजवळ काही संबंध नाही. पण हातात ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात फिरणारा माणूस तज्ज्ञ दिसतो.

मग आरटीएल-एसडीआर डाँगल घ्या. मुळात हा टीव्ही बघण्याचा डाँगल. कोणीतरी त्याच्यातून कच्च्या लहरी काढता येतात हे शोधलं आणि हौशी लोकांचे संसार धोक्यात आले. संगणकावर निळा-पिवळा धबधबा वाहू लागतो. एकच अडचण. नेहमीचा डाँगल 1.7 गिगाहर्ट्झच्या थोडं पुढे जाऊन थांबतो आणि वायफाय 2.4 वर सुरू होतं. तरी पैसे वाया गेले असं समजू नका. लोहगावला उतरणारं विमान किती उंचीवर आहे हे तो अचूक सांगतो. नेट का अडकलं हे मात्र त्याला विचारायचं नाही.

खरंखुरं स्वस्त हत्यार म्हणजे एनआरएफ24एल01. नखाएवढा रेडिओ, सुटा घेतला तर एका पिझ्झापेक्षा कमी पैशात. अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडा आणि 2400 ते 2525 मेगाहर्ट्झपर्यंतचे 126 कप्पे एकामागून एक तपासा. कुठल्या कप्प्यात किती आवाज हे तो सांगत नाही. उणे 64 डेसिबलच्या वर काही आहे का, एवढ्याच प्रश्नाला हो किंवा नाही म्हणतो. आपल्या कामाला हो पुरतं. यानंतर टायनीएसए अल्ट्रा, मग हॅकआरएफ अशी महागड्या यंत्रांची चढण लागते. पार्सल घेताना "ऑफिसचं आहे" म्हणावं. एव्हाना दुसऱ्या राउटरचे, कदाचित तिसऱ्याचेही, पैसे खर्ची पडलेले असतील. हिशेब मांडू नका.

7. एक वस्तू घरात आणू नका: लॅन केबल.

दीड-दोन मीटरची ही क्षुद्र वायर राउटरमधून थेट लॅपटॉपला लागते. ती लावूनही नेट रडलं तर हवेचा काही दोष नाही. ती लावल्यावर नेट धावलं तर दोष हवेचा, भिंतीचा किंवा राउटरच्या जागेचा. म्हणजे अर्धा तपास एका मिनिटात आटोपतो आणि वरची सगळी हत्यारं ड्रॉवरमध्ये जातात. राउटरच्या खोक्यात अशी एक केबल आलेली असतेच. ती सापडण्याआधी खोकं रद्दीवाल्याला द्या.

8. पुरावे सभेत मांडा.

नोटिशीत वायफाय हा विषय कोणी घेणार नाही. काळजी नको. माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय हे कलम अशाच कामासाठी असतं. चहा-बिस्किटांच्या आधी उभे राहा, नंतर कोरम उरत नाही. आलेखांच्या रंगीत प्रिंट वाटा. आडव्या अक्षावर काय आहे असं कोणी विचारलं तर "मेगाहर्ट्झ" म्हणा आणि थोडा वेळ गप्प बसा. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीकडे वळू पाहतील, त्यांना 5जीच्या टॉवरची आठवण द्या.

ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोन्ही लागतात. सूचक तुम्ही. अनुमोदनासाठी सरळ वरच्या काकांकडे जा. ते लगेच तयार होतील. त्यांचंही नेट गेल्या दिवाळीपासून अडखळतंय, तेही प्रिंट काढून आलेत, आणि त्यांच्या आलेखातली सगळ्यात उंच कमान, चॅनेल 3 वरची, तुमच्या नावाची आहे.